हॉटसिंक का होत नाही? (काकांच्या पामटॉपची गोष्ट)

वाङ्मय मंडळाच्या अंकात असला तांत्रिक लेख कशाला, असं संपादकांनी विचारलंच. मी म्हटलं, शेवटपर्यंत वाचा, मग ठरवा. त्यांनी ठरवलेलं दिसतंय.

आमचं गाव भालकी तालुक्यातलं. जिल्हा बीदर, घरात मराठी, शाळेत कन्नड, चर्चमध्ये दोन्ही. माझे काका २००३-०४च्या सुमाराला औषध कंपनीचे एमआर होते. बीदर, हुमनाबाद, बसवकल्याण, गुलबर्गा (तेव्हा कलबुर्गी व्हायचं होतं) आणि मधूनच उदगीर, असा त्यांचा फिरतीचा पट्टा. डॉक्टरांची नावं, भेटीच्या तारखा, सॅम्पल किती दिले हे लिहायला त्यांनी हैदराबादच्या कोठीतून एक सेकंडहँड पामटॉप आणला होता. मोबाईलपेक्षा थोडा मोठा, खाली चार बटणं, बाजूला एक प्लॅस्टिकची काडी खोचलेली. घरात त्याला सगळे 'काकांची पाटी' म्हणायचे.

काकांनी त्या पाटीवर डॉक्टरांच्या नावांबरोबर आणखी एक काम सुरू केलं होतं. आजी बोलता बोलता जे जुने शब्द वापरायची, जात्यावर जे म्हणायची, कुठल्या सणाला काय रांधायचे, ते सगळं ते टिपून घ्यायचे. बसस्टँडवर, डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये, कुठेही आठवलं की काडी काढायची आणि लिहायचं. आजी गेल्याला आता बरीच वर्षं झाली. गेल्या नाताळच्या सुट्टीत कपाटातून ती पाटी माझ्या हाती लागली आणि मी ती चालू करायला गेले. पुढचा लेख म्हणजे त्या सुट्टीत मी जे शिकले ते.

आधी पाटीबद्दल थोडं. 'पायलट' नावाचं यंत्र पाम कंप्युटिंगने १९९६ साली बाजारात आणलं. कंपनी तेव्हा यू. एस. रोबोटिक्सच्या मालकीची होती. जेफ हॉकिन्स हा तिचा कर्ता. त्याच्याबद्दल एक गोष्ट सांगतात आणि ती खरी आहे: यंत्र बनायच्या आधी तो त्या मापाचा लाकडाचा ठोकळा खिशात घेऊन फिरायचा आणि मिटिंगमध्ये त्यावर लिहिल्यासारखं करायचा, खिशात बसतंय का आणि हाताला बरं वाटतंय का ते बघायला. यंत्रात कीबोर्ड नव्हता. 'ग्राफिटी' नावाची एक सोपी लिपी शिकायची, एकेक इंग्रजी अक्षर एका फटक्यात काढायचं.

पण त्याची खरी गंमत लिहिण्यात नव्हती, सिंकमध्ये होती. सोबत एक स्टँड यायचा, त्याला क्रेडल म्हणतात. क्रेडलची वायर कंप्युटरला जोडायची, पाटी क्रेडलवर ठेवायची आणि एकच बटण दाबायचं. ह्याला 'हॉटसिंक' म्हणायचे. पाटीवरचं कंप्युटरवर जायचं, कंप्युटरवरचं पाटीवर यायचं, दोन्हीकडे सारखं व्हायचं. आज आपला फोन हे काम न सांगता, न दिसता करतो, त्यामुळे त्यात काय चालतं ह्याचा विचार आपण करत नाही. हॉटसिंकमध्ये ते सगळं डोळ्यांसमोर होतं. म्हणून बिघडलं की शोधताही यायचं.

मी काय केलं? दोन नवीन ट्रिपल ए सेल घातले. पाटी चालू झाली, मला आनंदाने ओरडावंसं वाटलं. मग दिसलं की मेमो रिकामे, पत्ते रिकामे, तारीख भलतीच. काहीच नाही.

इथे पहिली गोष्ट समजून घ्या. त्या काळच्या बहुतेक पाम यंत्रांमध्ये तुम्ही लिहिलेलं सगळं रॅममध्ये राहायचं, आणि रॅमला सतत थोडी वीज लागते. सेल बदलताना मिनिटभर तग धरेल एवढी सोय असायची, म्हणून सेल भराभर बदला असं सांगायचे. कपाटात सेल मरून पडले की काही दिवसांत सगळं पुसलं जायचं. वीज गेली तरी टिकणारी मेमरी पामच्या यंत्रांत २००४-०५च्या सुमाराला आली. तेव्हा तुमच्या घरात कुणाची अशी जुनी पाटी असेल आणि ती वर्षानुवर्षं बंद असेल तर तिच्यात काही सापडेल ही आशा सोडा. यंत्राचा दोष नाही, ते तसंच बनवलेलं होतं. सेल वेळच्या वेळी बदलत राहायचं आमच्याच लक्षात राहिलं नाही.

पण आशा पूर्ण सोडू नका. कारण पाटी म्हणजे अर्धी जोडी. दुसरा अर्धा कंप्युटरमध्ये असतो.

काकांचा तो असेंबल केलेला कंप्युटर माडीवर पोत्याखाली होता. माझा चुलतभाऊ (इंजिनिअरिंगला आहे, त्यामुळे त्याला सगळं येतं असा त्याचा समज) म्हणाला, "लाव क्रेडल, दाब बटण, बघू काय होतंय." मी त्याचा हात धरला. हे इथे नीट सांगते, कारण ह्या एका क्षणात सगळं जाऊ शकलं असतं.

हॉटसिंकच्या सेटिंगमध्ये पत्ते, मेमो, तारखा, कामं अशा प्रत्येक विभागासाठी चार पर्याय असतात. पहिला, दोन्हीकडचं जुळवून घे. दुसरा, कंप्युटरवरचं पाटीवर चढव. तिसरा, पाटीवरचं कंप्युटरवर चढव. चौथा, काहीच करू नको. आता विचार करा, पाटी कोरी आहे आणि कुणी मागे कधीतरी तिसरा पर्याय ठेवून दिलाय. बटण दाबलं की कोरी पाटी इमानेइतबारे आपला कोरेपणा कंप्युटरवर चढवेल. म्हणून कोऱ्या झालेल्या पाटीला सिंक करायचं असेल तर आधी दुसरा पर्याय निवडायचा, आणि त्याच्याही आधी कंप्युटरमधल्या 'पाम' नावाच्या फोल्डरची जशीच्या तशी कॉपी दुसरीकडे ठेवायची. आम्ही तर कंप्युटर चालूच केला नाही. हार्ड डिस्क काढली, अडॅप्टर लावून माझ्या लॅपटॉपला जोडली आणि फोल्डर उतरवून घेतला. डिस्क फिरायला लागली तेव्हा तिचा जो आवाज आला तो ऐकून चुलतभाऊही गप्प झाला.

त्या फोल्डरमध्ये वापरणाऱ्याच्या नावाचा, आखूड केलेला एक उपफोल्डर असतो. हॉटसिंकमध्ये नावाला फार महत्त्व. कंप्युटर पाटीला नावानेच ओळखतो. एका घरात दोन पाट्या असतील आणि दोघींना एकच नाव दिलं तर दोघींचा माल एकमेकांत मिसळतो, हा तेव्हाचा सर्रास घोटाळा होता. आणि कोऱ्या झालेल्या पाटीला नाव नसतं, म्हणून पहिल्या हॉटसिंकला कंप्युटर विचारतो, तू कोण? तिथे जुनं नाव निवडायचं सोडून लोक नवीन नाव टाकायचे आणि मग जुना डेटा गेला म्हणून रडायचे. तो गेलेला नसायचा, शेजारच्या फोल्डरमध्ये बसलेला असायचा.

माझ्या लॅपटॉपवर विंडोज आहे, ६४-बिट. पामच्या यूएसबीवाल्या यंत्रांसाठी कंपनीकडून ६४-बिट विंडोजचा ड्रायव्हर आलाच नाही, त्यामुळे आजच्या कंप्युटरला नुसती वायर जोडून काही होत नाही. दोन मार्ग आहेत. एक, लॅपटॉपमध्येच आभासी मशीन करून त्यात जुनं विंडोज एक्सपी चालवायचं आणि त्यात पाम डेस्कटॉप हे सॉफ्टवेअर टाकायचं. दुसरा, लिनक्स. लिनक्सवर 'जे-पायलट' आणि 'पायलट-लिंक' ही फुकटची साधनं अजून चालतात. लिनक्समध्ये एक गोष्ट नवख्याला चकवते. यूएसबीची पाटी नुसती जोडून कंप्युटरला दिसत नाही, हॉटसिंकचं बटण दाबल्यावरच दिसते, तीही थोड्याच वेळापुरती. म्हणून आधी बटण, मग लगेच कमांड. उलटं केलं की 'यंत्र सापडत नाही' असं उत्तर येतं आणि माणूस वायर बदलत बसतो.

मला पाटी नको होती, फोल्डर हवा होता. मी एक्सपीचा मार्ग घेतला, अख्खा फोल्डर जुन्या जागी ठेवला, सॉफ्टवेअर उघडलं.

आणि आजी आली.

म्हणजे मेमोंची यादी आली. डॉक्टर, डॉक्टर, डॉक्टर, आणि मध्येच 'aai' असं नाव दिलेला गट. (अंकाच्या नियमाप्रमाणे रोमन अक्षरं चालत नाहीत, तेव्हा हे एकदाच, माफ करा, पुढे 'आई' असंच लिहिते.) सगळं रोमन लिपीत होतं, कारण पाम यंत्रात देवनागरी नव्हतीच. काकांनी स्वतःची एक पद्धत बसवली होती. मोठा एल म्हणजे ळ, मोठा एन म्हणजे ण, मोठा टी म्हणजे ट. वाचायला पहिला दिवस लागला, मग सवय झाली. मला हसू आलं, कारण त्याच महिन्यात आम्हाला फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण शिकवलं होतं. ते मराठी काव्य १६१६ साली छापलं गेलं ते रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. चारशे वर्षांनी भालकी बसस्टँडवर काकांचीही तीच अडचण.

हे अगदीच अपरिहार्य होतं असंही नाही. आपल्याच राज्यात, बेंगळुरूत, भारतीय विज्ञान संस्थेतले काही प्राध्यापक आणि एन्कोर सॉफ्टवेअरचे इंजिनिअर मिळून त्याच काळात 'सिम्प्युटर' बनवत होते. सिम्प्युटर ट्रस्ट १९९९चा. लिनक्सवर चालणारं, हातात मावणारं, भारतीय भाषा दाखवणारं आणि मजकूर मोठ्याने वाचून दाखवू शकणारं यंत्र. त्याचं एक रूप 'अमिडा सिम्प्युटर' २००४च्या मार्चमध्ये विक्रीला आलं, बनवलं होतं भारत इलेक्ट्रॉनिक्सने. त्यातली मला सगळ्यात आवडलेली कल्पना स्मार्ट कार्डाची. गावात यंत्र एकच, पण प्रत्येकाचं कार्ड वेगळं. आपलं कार्ड घालायचं, काम करायचं, कार्ड खिशात घालून घरी. म्हणजे माल यंत्राचा नाही, माणसाचा. सिम्प्युटर फार खपला नाही. तोवर मोबाईल स्वस्त व्हायला लागले होते. काकांनी त्याचं नाव पेपरात वाचलं होतं, पाहिला मात्र कधी नाही.

परत मेमोंकडे येते. एकेक मेमो साधारण चार हजार अक्षरांचाच होऊ शकायचा, म्हणून काकांनी लांब मजकुराचे भाग १, भाग २ केले होते. काही भाग यादीत नव्हते. इथे आणखी एक जागा सांगते जी बऱ्याच जणांना माहीत नसते. पाटीवर मेमो पुसताना यंत्र विचारायचं, कंप्युटरवर जुन्या कागदांत एक प्रत ठेवू का? त्या चौकटीत खूण असली तर पुढच्या हॉटसिंकला तो मेमो नाहीसा न होता 'आर्काइव्ह'च्या फाईलमध्ये जायचा. काकांनी पाटीत जागा करायला जे पुसलं होतं, त्यातलं बरंच मला तिथे मिळालं. आजीने सांगितलेली भांड्यांची नावं, पेरणीच्या वेळचे शब्द, कन्नडमधून आलेले आणि आम्हाला मराठीच वाटणारे शब्द. तुम्ही शोधाल तेव्हा आर्काइव्ह विसरू नका.

मग माझ्या लक्षात आलं की सगळं २००४च्या ऑक्टोबरात थांबतं. हॉटसिंक प्रत्येक वेळची नोंद ठेवतो. त्या नोंदीत दर रविवारी, मिस्साहून आल्यावरच्या वेळेला, एक यशस्वी सिंक. ऑक्टोबरातल्या एका रविवारनंतर काही नाही. मी पुण्याला काकांना फोन लावला.

"नंतर होईनाच झालं गं," काका म्हणाले. "बटण दाबलं की पाटी म्हणायची कनेक्ट करतोय, करतोय, आणि मग नाही म्हणायची. मी क्रेडल पुसलं, सेल बदलले, कंप्युटर तीनदा बंद-चालू केला. एका दुकानदाराला दाखवलं, तो म्हणाला क्रेडल गेलं."

क्रेडल गेलं नव्हतं. मला कारण टेबलाच्या खणात मिळालं: बाहेरून लावायच्या डायल-अप मोडेमचं बिल, त्याच ऑक्टोबर अखेरचं. हे सविस्तर सांगते, कारण हॉटसिंकच्या न चालण्याचं त्या काळातलं हे फार नेहमीचं कारण होतं.

काकांचं क्रेडल यूएसबीचं नव्हतं, सिरियल होतं. कंप्युटरच्या मागे नऊ पिनांची दोन तोंडं असायची, कॉम-१ आणि कॉम-२. हॉटसिंक मॅनेजर, म्हणजे घड्याळाशेजारी दिसणारा तो लाल-निळ्या बाणांचा छोटा गोल, ह्यातल्या एकाच तोंडावर कान लावून बसतो. कुठल्या, ते सेटिंगमध्ये लिहिलेलं असतं. इंटरनेट लावायला आलेल्या माणसाने मोडेम पहिल्या तोंडाला लावला आणि क्रेडलची वायर काढून दुसऱ्याला. वायर नीट बसली, स्क्रू आवळले, सगळं दिसायला ठाक. पण मॅनेजरचा कान कॉम-१लाच. पाटी एका दारावर थापा मारतेय आणि घरातला माणूस दुसऱ्या दाराशी उभा आहे. सेटिंगमध्ये एकाचं दोन करायला अर्धं मिनिट लागलं असतं.

"मग तुम्ही पोर्ट का नाही बदललं?" मी विचारलं.

"पोर्ट म्हणजे काय हे आमच्यात कुणाला माहीत होतं तेव्हा?"

तुमच्याकडे असं यंत्र असेल आणि सिंक होत नसेल, तर क्रम असा धरा. आधी मॅनेजर चालू आहे का आणि त्यात 'लोकल'च्या पुढे खूण आहे का ते बघा. मग तोंड बरोबर आहे का. मग त्या तोंडावर दुसरं कुणी, फॅक्सचं किंवा मोडेमचं सॉफ्टवेअर, ठाण मांडून बसलंय का. मग वेग कमी करून बघा. जुन्या वायरला जास्त वेग झेपत नाही. सगळ्यात शेवटी क्रेडलच्या पिना, त्या साध्या खोडरबराने घासल्या तरी चमकतात. सेलचं पाणी फुटून पांढरी पूड धरली असेल तर कापसाला थोडं व्हिनेगर किंवा लिंबू लावून पुसा, मग कोरडं करा. लोक नेमके उलट्या क्रमाने जातात, घासण्यापासून सुरुवात करतात, कारण ते हाताला दिसतं.

सिंक झालं पण नोंदी दुप्पट झाल्या, ही दुसरी तक्रार. तीही समजून घेण्यासारखी आहे. पाटीवरच्या प्रत्येक नोंदीला एक क्रमांक असतो आणि 'बदललंय' अशी एक खूण. नेहमीच्याच कंप्युटरशी सिंक केलं तर फक्त खूण असलेल्या नोंदी जातात, पटकन होतं. मध्येच दुसऱ्या कंप्युटरशी, समजा ऑफिसच्या, सिंक केलं असेल तर खुणांवर विश्वास ठेवता येत नाही, मग एकूण एक नोंद मागच्या वेळच्या प्रतीशी ताडून बघावी लागते. ते हळू होतं, बिघडलं असं समजून मध्येच वायर काढू नका. आणि एकच नोंद दोन्हीकडे वेगवेगळी बदललेली असेल तर? यंत्र निवाडा करत नाही, दोन्ही ठेवतं. एकीकडे पुसली आणि दुसरीकडे बदलली असेल तर बदललेली राहते. लिहिणाऱ्याच्या बाजूने झुकणारा हा नियम मला आवडला.

हे सगळं जुनं झालं असं वाटत असेल तर आमच्या शेतात या. कर्नाटकात २०२०च्या खरिपापासून शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवर पीक नोंदवायचं ॲप आलं, महाराष्ट्राने २०२१मध्ये ई-पीक पाहणी आणली. सीमेवर अशी कुटुंबं आहेत की ज्यांचं एक वावर औरादकडे आणि एक उदगीरकडे, त्यांना दोन्ही ॲप. बांधावर रेंज नसते. फोटो फोनमध्ये साठतो आणि 'अपलोड' करायचा राहतो. माणूस समजतो की नोंद झाली. फोनवर झाली, तिकडे झाली नाही. काकांचं ऑक्टोबरनंतरचं तेच.

ऑक्टोबरनंतर काय होतं, हे मी काकांना विचारलं. ते थोडा वेळ बोलले नाहीत. आमच्या भागात, बीदर-कलबुर्गीपासून लातूर-धाराशिवपर्यंत, मार्गशीर्षात वेळ अमावस्या करतात. अख्खं गाव शेतात जेवायला जातं. भज्जी, उंडे, आणि मडक्यातली आंबट अंबील. सण शेतकऱ्यांचा, आमचं घर ख्रिस्ती असलं तरी शेत होतं, त्यामुळे अंबील आमच्याकडेही व्हायची, आणि आजीची अंबील शेजारी मागून न्यायचे. ती कशी करायची हे आज घरात कुणालाच धड येत नाही. आईची पातळ होते, काकू म्हणते चव ती नाही.

आजीने ऑक्टोबरात काकांना सांगितलं होतं, आत्ता नको, अमावस्येला करतानाच सांगते. आणि तिने सांगितलं. काकांनी शेतात, कडब्याच्या गंजीला टेकून, काडीने सगळं उतरवून घेतलं. ताक किती दिवसांचं, पीठ कधी घालायचं, मडक्याला आतून काय लावायचं. "दोन मेमो भरले," काका म्हणाले. ते पाटीवर होते. पाटी पुढच्या पावसाळ्यात कपाटात गेली.

माझ्या लॅपटॉपवर पाम डेस्कटॉप अजून उघडाच होता. फोन चालू असताना मी मेमो सोडून कामांच्या यादीवर गेले. ऑक्टोबरातली यादी. औषधांची सॅम्पल, गुलबर्ग्याच्या डॉक्टरला फोन, विम्याचा हप्ता. शेवटून दुसरी ओळ: आई, अंबील, पूर्ण विचारणे. पुढची चौकट रिकामी.

मी ती काकांना वाचून दाखवली.

"टिक केलं होतं की," काका म्हणाले. "शेतातच केलं होतं."